रांगेतला पहिला निरोप

शनिवार, संध्याकाळी ६. उरले ३६ तास.

सोमवारी सकाळी सहाला भोंगा वाजणार होता आणि घाटाखालच्या एका कारखान्याचं वार्षिक शटडाउन सुरू होणार होतं. आमच्या एक्सेलमध्ये सगळे तास त्या भोंग्यापासून मागे मोजलेले होते, म्हणून इथेही तसेच मोजतो. कारखान्याचं नाव सांगत नाही. चूक त्यांची नव्हती.

आम्ही सहाजण हिंजवडीत आठव्या मजल्यावर बसलो होतो. श्रावणातला शनिवार, काचेबाहेर नुसता पाऊस. काम होतं मॅक्सिमोची आवृत्ती बदलण्याचं. ज्यांचा या नावाशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगायचं, तर कारखान्यातल्या प्रत्येक पंपाची, मोटरची, व्हॉल्व्हची जन्मपत्रिका या सॉफ्टवेअरमध्ये असते. कधी बसवला, कितीदा बिघडला, बेअरिंग शेवटचं कधी बदललं, पुढची पाळी कधी. विमानतळ, रेल्वे, वीजकेंद्रं, तेलविहिरी, सगळीकडे ते चालतं. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये सुरू झालेल्या एका कंपनीने ते १९८५ साली बाजारात आणलं. २००६ साली आयबीएमने ती कंपनी विकत घेतली. मी या धंद्यात आलो तो त्यानंतर पाच-सहा वर्षांनी.

आमच्या गिऱ्हाइकाकडे ७.६.१ ही आवृत्ती होती. तिचा नेहमीचा आधार ३० सप्टेंबर २०२५ ला संपणार होता, म्हणून त्या पावसाळ्यात जगभरातले मॅक्सिमोवाले आमच्यासारखेच शनिवार-रविवार जागत होते. नवी आवृत्ती दिसायला जुनीच, पण तिच्या खालची जमीन वेगळी. आधी वेबस्फिअर नावाचा एक भरभक्कम सर्व्हर असायचा, एकाच जागी वर्षानुवर्षं उभा, वाड्याच्या खांबासारखा. आता ओपनशिफ्ट. त्यावर कंटेनर. कंटेनर ज्यात राहतात ते पॉड. पॉड जन्मतात, मरतात, त्यांच्या जागी दुसरे येतात, आणि त्याचं कुणी सुतक पाळत नाही. हे वाक्य मीच प्रशिक्षणात म्हणायचो. लोक हसायचे.

सहा वाजता जुनी प्रणाली कुलूपबंद केली. त्याआधी रांगा रिकाम्या केल्या. त्या पुढे महत्त्वाच्या आहेत.

शनिवार, रात्री साडेनऊ. उरले साडेबत्तीस तास.

डेटाबेस नव्या रचनेत चढत होता. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून रांगांबद्दल इथेच सांगतो.

इंटिग्रेशन हा माझा प्रांत. काय दुरुस्त करायचं आहे हे मॅक्सिमोला ठाऊक असतं. भांडारात काय शिल्लक आहे आणि काय विकत आणायचं आहे हे ईआरपी नावाच्या दुसऱ्या प्रणालीला ठाऊक असतं. ही दोघं एकमेकांशी थेट बोलत नाहीत, निरोप धाडतात. प्लॅनिंगच्या मॅडमनी एखादं काम मंजूर केलं, की 'या कामासाठी गास्केट दोन नग राखून ठेवा' असा निरोप निघतो, रांगेत उभा राहतो, त्याची पाळी आली की पलीकडे जातो. भांडारात यादी छापून निघते. भांडारातले काका ती हातात घेऊन मांडणीवरून माल काढतात.

बाहेर जाणारी रांग क्रमवार असते, आमच्या भाषेत सिक्वेन्शियल क्यू. तिचा नियम रेशनच्या दुकानातल्या रांगेपेक्षा कडक. पहिला निरोप पलीकडे पोचला नाही, तर दुसरा हलत नाही. पहिल्यात काही खोट निघाली आणि पलीकडच्याने तो नाकारला, तरी मागचे सगळे उभेच. आधी मालाची नोंद आणि मग तिची दुरुस्ती या क्रमाने गोष्टी जाव्यात, उलट जाऊ नयेत, म्हणून हा नियम. नियमात चूक नाही. घाटात पुढची गाडी बंद पडली तर मागच्यांनी दरीतून ओव्हरटेक करावं असं कुणी म्हणत नाही.

या यंत्रणेला सहाव्या आवृत्तीत मॅक्सिमो एंटरप्राइज अॅडॉप्टर म्हणायचे, एम-ई-ए. सातव्या आवृत्तीत तिचं नाव इंटिग्रेशन फ्रेमवर्क झालं. आधीचा 'इंटिग्रेशन ऑब्जेक्ट' 'ऑब्जेक्ट स्ट्रक्चर' झाला, बाहेर जाणाऱ्या इंटरफेसचा 'पब्लिश चॅनल', आत येणाऱ्याचा 'एंटरप्राइज सर्व्हिस'. नव्या आवृत्तीत ही नावं तशीच राहिली, आणि गंमत म्हणजे जुनं एम-ई-ए सर्व्हरच्या एका गटाचं नाव म्हणून परत आलं. माहेरचं नाव असं कुठेतरी शिल्लक राहतंच. नावं ओळखीची असली की माणसाला वाटतं, घरही तेच आहे.

रविवार, पहाटे ४. उरले २६ तास.

प्रणाली उभी राहिली. लॉगिनचा पडदा आला तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली, बाकीचे झोपेत होते.

रविवार, सकाळी ९. उरले २१ तास.

पहिलं संकट आलं. भांडारातली हातातली स्कॅनर यंत्रं नव्या प्रणालीशी बोलेनात. प्रत्येक वेळी ४०१, म्हणजे 'तू कोण?'. जुनी यंत्रं नाव आणि संकेतशब्द एकत्र गुंडाळून प्रत्येक विनंतीच्या माथ्यावर डकवायची आणि सरळ आत शिरायची. नवीन घरात तो दरवाजाच नव्हता. आता प्रत्येक बाहेरच्या यंत्रणेसाठी वेगळी एपीआय की काढावी लागते आणि वाटही नवीन. शिवाय नुसत्या किल्लीने भागत नाही. टीएलएसचं प्रमाणपत्र ओळखीचं असावं लागतं, नाहीतर दार वाजवणाऱ्याशी बोलणंच होत नाही.

हे आम्हाला माहीत होतं. यादीत होतं. स्कॅनरच्या ठेकेदाराने जुनाच पत्ता ठेवला होता. अकरा वाजेपर्यंत मिटलं.

मिटलं याचा मला फार आनंद झाला, आणि आता मागे पाहताना तोच आनंद खटकतो. संकट येणार होतं ते येऊन गेलं, असं मी मनात धरलं. नारळ फुटला, आता काही होत नाही.

रविवार, दुपारी १. उरले १७ तास.

चाचण्या. बेचाळीस. काम तयार करा, मंजूर करा, माल राखा, परत करा, खरेदीची मागणी काढा. सगळ्या हिरव्या.

या बेचाळीस चाचण्यांमधला प्रत्येक शब्द इंग्रजीत होता. 'टेस्ट वर्क ऑर्डर ०१'. 'टेस्ट वर्क ऑर्डर ०२'.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ईआरपीच्या दारात एक मधलं टेबल आहे, ऑरॅकलचं. आमचे निरोप आधी तिथे उतरतात. त्यात कामाच्या वर्णनाचा रकाना ४० चा. चाळीस काय? जुन्या प्रणालीत कुणा अनामिक माणसाने, बहुधा २०१३ च्या आसपास, जावामध्ये एक छोटा तुकडा लिहिला होता, आमच्या भाषेत युजर एक्झिट. त्याचं काम एवढंच, वर्णन कापून त्या रकान्यात बसवायचं. नवीन आवृत्तीत असे जावाचे तुकडे नेता येतात, पण ते एका गाठोड्यात बांधून प्रत्येक बांधणीत घालावे लागतात. ती कटकट टाळायला आम्ही तो तुकडा ऑटोमेशन स्क्रिप्टमध्ये नव्याने लिहिला. सात ओळी. वर्णन चाळीस अक्षरांवर काप.

जुना तुकडा अक्षरं मोजत नव्हता. बाइट मोजत होता.

इंग्रजीत दोन्ही एकच. देवनागरीत, यूटीएफ-८ मध्ये, एकेका चिन्हाला तीन बाइट. क ला तीन, काना दिला की आणखी तीन. आणि वेगळं काही सांगितलं नसेल, तर ऑरॅकलचा ४० चा रकाना म्हणजे ४० बाइट. त्या अनामिक माणसाला हे ठाऊक होतं. त्याने कोडमध्ये टीप लिहिली नाही, एवढीच त्याची चूक. आमची चूक अशी, की आपल्याहून आधीचा माणूस आपल्याइतका तरी शहाणा असेल असं आम्ही धरलं नाही.

रविवार, दुपारी ४. उरले १४ तास.

बैठक. 'गो.' लाडू आले.

गो-लाइव्हच्या यादीतली शेवटची तीन कलमं पटापट टिक झाली. एक, चाचणीच्या काळात वापरकर्त्यांना भलत्या मेल जाऊ नयेत म्हणून बंद ठेवलेला मेल सर्व्हर सोमवारी सकाळी चालू करायचा. दोन, निरोपांची प्रत ठेवणारं मेसेज ट्रॅकिंग पहिले आठ दिवस बंद ठेवायचं, टेबलं फुगू नयेत म्हणून. तीन, बाहेरच्या माणसांचे प्रशासकीय अधिकार आजच संध्याकाळी काढून घ्यायचे. बाहेरची माणसं म्हणजे आम्ही.

तिन्ही कलमं मीच सुचवली होती. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या कारणांनी, आणि प्रत्येक कारण योग्य होतं.

रविवार, संध्याकाळी ६:४०. उरले ११ तास २० मिनिटं.

प्लॅनिंगच्या मॅडम घाटाखालून कामाला लागल्या. शटडाउनची सगळी कामं मंजूर करायची होती, म्हणजे रात्रभरात राखीव मालाच्या याद्या भांडारात पोचतील आणि काका पहाटे माल काढून ठेवतील. बुधवारी बाष्पक निरीक्षक येणार होते. तपासणी झाल्याशिवाय बॉयलर पुन्हा पेटवता येत नाही, आणि तपासणीला बॉयलर गार, उघडा, आतून धुतलेला लागतो. म्हणजे सोमवार-मंगळवार हे दोनच दिवस.

मंजुऱ्या सुरू झाल्या. निरोप निघाले. पलीकडच्या टेबलात पहिली ओळ पडली, दुसरी पडली. मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, मग जेवायला गेलो.

रविवार, संध्याकाळी ७:१२. उरले १० तास ४८ मिनिटं.

बॉयलर हाउसच्या सुपरवायझरने तीन आठवड्यांपूर्वी एक काम नोंदवलं होतं. वर्णन : 'मॅनहोलचे झाकण घट्ट बसत नाही, वाफ गळते'.

मोजून पाहिलं आहे. रिकाम्या जागा आणि स्वल्पविराम धरून ३७ चिन्हं. चाळीसच्या आत, म्हणून आमच्या स्क्रिप्टने त्याला हात लावला नाही. बाइट ९७. जुन्या तुकड्याने ते 'मॅनहोलचे झाकण' इथे कापलं असतं आणि काकांना तेवढ्यावरून सगळं कळलं असतं.

टेबलाने ते नाकारलं. ओआरए-१२८९९, रकान्याच्या मानाने मजकूर मोठा. निरोप रांगेच्या तोंडाशी परत आला आणि तिथेच उभा राहिला. दर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न, पुन्हा नकार. अशा वेळी प्रशासकाला मेल जाते. मेल बंद होती.

मागे रांग वाढत गेली.

रविवार, रात्री १०:०५. उरले जवळजवळ ८ तास.

काकांचा फोन. "साहेब, यादी येईना हो. साठ-एकसष्ट ओळी आल्या नि मग गपगार."

मी म्हटलं, "काका, मॅडम अजून मंजूर करतायत, येतील."

"मॅडम तर नवालाच घरी गेल्या."

"येतील, काका."

मॅडम घरी गेल्या होत्या हे मला त्यांनी सांगितलं, आणि मी ते ऐकलं नाही. एखाद्या वाक्याला उत्तर देणं आणि ते ऐकणं यांत फरक असतो. लग्न झालेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

रविवार, रात्री ११:३०. उरले साडेसहा तास.

आता मात्र मलाही शंका आली. ईआरपीकडच्या मुलाला झोपेतून उठवून टेबल मोजायला लावलं. ६१ ओळी, शेवटची ७:११ ची. मॅडमनी मंजूर केलेल्या राखणी अकराशेच्या वर.

जुन्या प्रणालीत मी मेसेज रिप्रोसेसिंग नावाचा पडदा उघडला असता. अडलेला निरोप तिथे दिसतो, का अडला तेही दिसतं, तिथल्या तिथे दुरुस्त करून पुढे ढकलता येतो. नव्या प्रणालीतही तो पडदा तसाच आहे. मी उघडायला गेलो तर मेनूतच नाही. अधिकार संध्याकाळी गेले होते. ते परत देऊ शकणारा कारखान्यातला माणूस दोन रात्री जागून फोन बंद करून झोपला होता.

मग लॉग. पूर्वी एकच लॉग असायचा, सिस्टिमआउट, त्यात सगळं. डोळे मिटूनही मला तो वाचता यायचा. आता वापरकर्त्यांचे पॉड वेगळे, आत येणाऱ्या विनंत्यांचे वेगळे, ठरलेल्या वेळी कामं करणारे क्रॉनचे वेगळे, रांगेचा आणखी वेगळा. मी आधी वापरकर्त्यांच्या पॉडमध्ये शोधलं. स्वच्छ. मग क्रॉनच्या पॉडमध्ये, जिथे ती चूक दर मिनिटाला छाती बडवत होती, मी संध्याकाळी सात ते आठ हा तास गाळून मागवला. रिकामा.

का रिकामा ते सोमवारी दुपारी कळलं. तिथलं घड्याळ यूटीसीचं. आपली संध्याकाळची सात वाजून बारा मिनिटं ही त्याची दुपारची एक वाजून बेचाळीस मिनिटं. मी मागितलेला तास त्याच्या लेखी अजून उजाडायचाच होता. साडेपाच तासांचं हे अंतर मी बारा वर्षं रोज मनातल्या मनात मिळवतो-वजा करतो. परदेशातल्या गिऱ्हाइकांशी बोलताना कधी चुकत नाही. पण हे गिऱ्हाईक घाटाखालचं होतं. तिथे पाऊस पडला की तासाभरात आमच्याकडे पडतो. त्याच्यासाठी घड्याळ बदलायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

चूक दिसत नाही, तरी रांग हलत नाही. बारा वर्षांच्या अनुभवाने निदान केलं : रांग ओढणारं काम लटकलंय. आणि लटकलेल्या गोष्टीवरचा उपाय आमच्या धंद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो.

सोमवार, रात्री १२:४०. उरले ५ तास २० मिनिटं.

ओपनशिफ्ट सांभाळणारी मुलगी आमच्यात सगळ्यांत लहान, दोन वर्षांचा अनुभव. मी तिला म्हटलं, "रांगेचा पॉड उडव. नवीन येईल."

ती थांबली. "सर, पॉडच्या मागे व्हॉल्यूम लावलाय ना? नाहीतर आतलं सगळं..."

"अगं, टेस्टमध्ये किती वेळा उडवला आपण! काही होत नाही. कर."

टेस्टमध्ये व्हॉल्यूम होता. निरोपांची फाइल पॉडच्या बाहेर, टिकाऊ साठ्यावर लिहिली जात होती, म्हणून पॉड मेला तरी निरोप जिवंत. प्रत्यक्ष प्रणालीची मांडणी मात्र टेस्टवरून नव्हे, त्याआधीच्या डेव्हलपमेंटच्या मांडणीवरून उतरवली होती. तिथे व्हॉल्यूम नव्हता, कारण तिथे कुणाला कशाची पर्वा नव्हती. वेबस्फिअरच्या काळात हा प्रश्नच कधी विचारावा लागला नाही. निरोपांचा साठा सर्व्हरच्या डिस्कवर नाहीतर डेटाबेसात असायचा. सर्व्हर पाडा, उठवा, निरोप आपले जिथल्या तिथे. या बारा वर्षांत मी तो निदान दोनशे वेळा पाडला असेन.

आमच्याकडे आवृत्त्यांमधल्या फरकांचा तक्ता होता, सत्तर पानांचा. काय गेलं, काय आलं, कशाचं नाव बदललं. माझ्या हातांना पडलेली सवय त्यात कुठल्या पानावर लिहिणार?

तिने आज्ञा टाइप केली. एंटर दाबायच्या आधी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी मान हलवली.

सोमवार, रात्री १२:४४.

नवीन पॉड उभा राहिला. आम्ही एक चाचणीचा निरोप सोडला. चार सेकंदांत पलीकडे.

आणखी एक. पलीकडे.

कुणीतरी म्हटलं, "सुटली!" आणि खरोखरच सुटली होती. रांगेत आता कुणीच नव्हतं, मग अडणार कोण? अडलेला पहिला गेला, त्याच्याबरोबर मागचे हजार-अकराशे गेले, आणि मोकळ्या रस्त्यावरून आमचे दोन निरोप सुसाट धावले. एवढी ढळढळीत गोष्ट सहापैकी एकाच्याही लक्षात आली नाही. मागचे सगळे पलीकडे उतरलेत का, हे मोजायला सांगण्याऐवजी मी ईआरपीवाल्या मुलाला म्हटलं, "झोप आता तू."

मुलगी काही बोलली नाही. ती बराच वेळ पडद्याकडे पाहत होती, हे मला नंतर आठवलं.

सोमवार, पहाटे ५:२०. उरली ४० मिनिटं.

काका भांडारात आले. श्रावणी सोमवार, उपास. यादी छापली. ६१ ओळी, आणि शेवटी दोन नवीन : 'टेस्ट ए', 'टेस्ट बी'.

सोमवार, पहाटे ५:३८.

"साहेब, हे टेस्ट ए म्हणजे कुठला स्पेअर?"

मी कारच्या मागच्या सीटवर झोपलो होतो. उठून बसलो आणि उत्तर द्यायच्या आधीच मला सगळं दिसलं, एकदम, उजेड पडल्यासारखं. तिचा प्रश्न, माझी मान, ते चार सेकंद.

सोमवार, सकाळी ६.

भोंगा झाला. फोनवर ऐकू आला.

त्यानंतरचं थोडक्यात. गेटवर कंत्राटदारांची माणसं, आत तासाच्या भाड्याने आणलेली क्रेन हात वर करून उभी, आणि भांडाराच्या खिडकीशी फिटरांची रांग. ही रांग मात्र क्रमवार नव्हती. मॅक्सिमोत पाहावं तर सगळी कामं मंजूर, सगळा माल राखलेला. त्याच्या दृष्टीने निरोप देऊन झाले होते. ईआरपीत पाहावं तर कुणी काही मागितलेलंच नाही. दोघंही खरं बोलत होते. मधल्या मधे काय हरवलं याची यादी कुणाकडेच नव्हती, कारण निरोपांची प्रत ठेवू नका असं मी सांगितलं होतं.

साडेआठला अधिकार परत मिळाले. पब्लिश चॅनलवरून सगळी कामं पुन्हा एकदा निर्यात करायची असं ठरलं. ६१ दुबार जातील, खरेदीच्या काही मागण्याही दुबार होतील, त्या मागाहून निस्तरू. निर्यात सुरू झाली. ओळी पडू लागल्या आणि थांबल्या. या वेळी माझ्यासमोर मेसेज रिप्रोसेसिंगचा पडदा उघडा होता. एकच ओळ, लाल. मुलीने ती मोठ्याने वाचली, "मॅनहोलचे झाकण घट्ट बसत नाही, वाफ गळते." खोलीत कुणी हसलं नाही.

मी तो मजकूर तिथेच कापला आणि निरोप सोडला. मागची रांग सरसर पलीकडे गेली. तोपर्यंत साडेदहा वाजले होते. माल शोधून, काढून, हातात पडेपर्यंत दुपार झाली, पहिली पाळी हातची गेली. मंगळवारी रात्री बॉयलर उघडा होता, पण धुऊन तयार नव्हता. निरीक्षकांची तारीख पुन्हा मागावी लागली. ती आठ दिवसांनी मिळाली, आणि ते आठ दिवस कारखाना बॉयलरशिवाय होता. त्याची किंमत काय झाली ते मला बैठकीत सांगण्यात आलं. इथे लिहीत नाही.

मुलीची मी बुधवारी माफी मागितली. ती म्हणाली, "सर, मीही एंटर दाबलंच ना."

सोमवारी संध्याकाळी काकांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवले होते. सकाळपासून दुपारपर्यंत यादीविना जे काही दिलं, ते त्यांनी जुन्या कार्बनच्या वहीत उतरवून घेतलं होतं. ती वही २०१४ मध्ये बंद झाली असं आमच्या कागदपत्रांत लिहिलेलं आहे. अकरा पानं, निळ्या शाईत, शेजारी फिटरांच्या सह्या. खाली मजकूर : 'साहेब, हे तेवढं सिस्टिमला चढवा.'

पहिल्या पानावरची पहिली ओळ पहाटे ५:५० ची होती, भोंग्याच्या आधीची. मॅनहोल गास्केट, नग २. बॉयलर हाउस. समोर सुपरवायझरची सही, आणि त्याखाली काकांच्या अक्षरात : तोंडी सांगितले.